अर्धी दिलेली गाडी

आमच्या घरात लाजायचं खातं लग्नापासून माझ्याकडे आहे. हे कधी लाजलेच नाहीत. लग्नकार्यात काळ्या नखांनी पंगतीला बसणार हे, आणि मान खाली घालून ताटाकडे बघणार मी. लेकीच्या सासऱ्यांना पहिल्याच भेटीत म्हणाले, "तुमच्या गाडीचा सायलेन्सर फाटलाय, ऐकू येत नाही का तुम्हाला?" ते बिचारे कानात मशीन घालणारे. मी टेबलाखालून मांडीला चिमटा काढला, तर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतात, "चिमटे का काढतेस?" निर्लज्जं सदासुखी म्हणतात ना, तो माणूस मी उभा जन्म जवळून पाहिला आहे. म्हणून हाच माणूस जेव्हा भर दुपारी एका बाकावर बसून म्हणाला, "लाज वाटते गं मला," तेव्हा काय बोलावं ते मला सुचेना. सवयच नव्हती.

हे कार्ब्युरेटरचे कारागीर. इंजिनाला हवा किती आणि पेट्रोल किती पाजायचं, ते ठरवणारं ते भांडं. नव्या गाड्यांत ते नसतंच म्हणे, पण जुन्या गाड्यांचा सगळा जीव त्यात. यांचं गॅरेज म्हणजे दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी जागा, वर पत्रा, मागे आमच्या दोन खोल्या. एक रबरी नळी घ्यायची, एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, आणि डोळे मिटून हवेचा फुसफुसाट ऐकत स्क्रू फिरवायचा. लांबलांबून लोक यायचे. काम चोख व्हायचं, पण बोलणी खाल्ल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. "गाडी चालवता की नांगर?" हे त्यातलं सौम्य.

ती गाडी आमच्याकडे ट्रकवर पडून आली. परदेशी, दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. कुणा पैसेवाल्याच्या पोराने झाडावर घातली होती. कंपनीने तशा गाड्या मोजक्याच काढल्या आणि मग बंदच केल्या, असं हे सांगायचे. भंगारवाला तोडायला घेऊन चालला होता, यांनी मधेच अडवली. तेव्हा आमची लेक बालवाडीत होती. आणि तिच्या लग्नाच्या आठवड्यात ते इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. मधली सगळी वर्षं आमच्या पलंगामागे तिचे दरवाजे, माझ्या मोठ्या पातेल्यात तिचे सुटे भाग रॉकेलमध्ये भिजत घातलेले. सीटचं चामडं मी शिवलं, माझ्या मशीनवर. सुया किती मोडल्या ते विचारू नका. शेजारीण विचारायची, एवढं काय करताय, तर मी म्हणायची, बाकीच्यांच्या सवती निदान हाताखाली काम तरी करतात, माझी नुसती पेट्रोल पिते.

पण खोटं कशाला बोलू, तयार झाली तेव्हा मीही बघत राहिले. दौतीतल्या शाईसारखा रंग. दार लावलं की आवाज कसा, जाड पुस्तक मिटावं तसा. रविवारी सकाळी हे मला घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर जायचे. आत बसताना गुडघे जायचे आणि बाहेर निघताना अब्रू. पण एकदा का ती सुटली, की हे एकदम गप्प. शिव्या नाहीत, शेरे नाहीत. नवऱ्याला इतका वेळ गप्प बसलेलं मी फक्त त्या गाडीत पाहिलं.

मग एका सकाळी गॅरेजात वाकले ते उठलेच नाहीत. अर्धांगाचा झटका. डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत, त्यामुळे दवाखान्यातल्या सगळ्यांना कळलं की कोण आलंय. घरी आणल्यावर कुणीतरी त्या संस्थेचं नाव सांगितलं. अर्धांग झालेल्यांना तिथे फुकट चालायला शिकवतात. लांबलचक बैठी इमारत, पुढे अंगण, आणि एका अंगाला मोठी, हवेशीर शेड. शेडमध्ये कमरेइतक्या उंचीचे दोन लाकडी दांडे, समोरासमोर. दोन्ही हातांनी दोन दांडे धरायचे आणि मधून चालायचं. शेवटी आरसा. बाजूला चढउतार शिकायला चारदोन पायऱ्यांचा लाकडी जिना, जो कुठेच जात नाही. व्यायामाच्या बाई म्हणजे अगदी कोवळी मुलगी, आमच्या लेकीहून लहान. ती यांच्या कमरेचा पट्टा मागून धरायची आणि हे तिला बोलायचे. "अगं, ढकलतेस काय? मी काय बंद पडलेली गाडी आहे?" ती म्हणायची, "हो काका. धक्का स्टार्ट." आणि हसायची. यांना उलट उत्तर देऊन हसणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दांड्यांमध्ये हे पुन्हा उभे राहिले, चालले, काठीवर आले. शेड नसती तर हे आज पलंगावर असते, हे मी कुठेही सांगेन.

हात सुधारला, पाय अर्धाच सुधारला. आणि गाडीचा क्लच डाव्या पायाचा. तो इतका जड की धडधाकट माणसाची पोटरी दुखते. एकदा गॅरेजात जाऊन आत बसले, बराच वेळ बसले, आणि बाहेर येऊन किल्ली खिळ्याला अडकवली. मी समजले.

त्याच सुमारास गाडी विकत घ्यायला माणसं यायला लागली. त्यातला एक तर पुन्हा पुन्हा यायचा. जुन्या गाड्या जमवणारा, जाड चष्म्याचा, अगदी मृदू बोलणारा सज्जन. आमच्यात त्याचं नाव चष्मेवाले. तो बॉनेटवर हात ठेवायचा तेसुद्धा आधी रुमालाने पुसून. यांनी त्याला दारातच सुनावलं, "तुम्हाला गाडी नकोय, काचेच्या कपाटात ठेवायला बाहुली हवीय. ती बाजारात मिळते, तिकडे बघा." तो गृहस्थ लालबुंद झाला, नमस्कार करून गेला. मी नेहमीप्रमाणे दाराआड लाजले.

आणि थोड्याच दिवसांत, संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात, सगळ्यांसमोर काठी टेकत उभे राहून यांनी जाहीर केलं की मी माझी गाडी संस्थेला दान देतोय. मलासुद्धा तेव्हाच कळलं. टाळ्या थांबेनात. मग हे पुढे म्हणाले, "फक्त एवढंच. ती विकायची नाही. उन्हापावसात ठेवायची नाही. माझ्याशिवाय कुणी बॉनेट उघडायचं नाही. दर रविवारी मी येऊन सुरू करीन." पुन्हा टाळ्या. संस्था चालवणाऱ्या सरांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र जिथल्या तिथे थिजलं होतं, मी समोरच बसले होते. मला वाटलं, आनंदाने असेल. माणसाला जे वाटून घ्यायचं असतं तेच वाटतं.

घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, त्या चालता न येणाऱ्या माणसांना तुमच्या शर्यतीच्या गाडीचा उपयोग काय?"

"ठेवा आहे तो. तुला नाही कळायचं."

बरं बाई, म्हटलं. सगळ्या ओळखीत बोलबाला झाला. काय मोठं मन, आयुष्यभराची पुंजी दिली. हे ऐकायचे आणि ताठ बसायचे. आजारपणानंतर प्रथमच असे ताठ बसलेले. मग मी कशाला बोलतेय.

आता एक सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. दान देऊन नाव टाकणाऱ्या लोकांची यांनी आयुष्यभर टिंगल केली. त्या संस्थेतच एक पंखा आहे, त्याच्या पात्यांवर कुणाचं तरी नाव आणि 'यांजकडून सप्रेम भेट' असं लाल रंगात आहे. व्यायाम करताना हे ओरडायचे, "बाई, पंखा बंद करा. देणाऱ्याचं नाव वाचायचं राहिलंय." सगळे रुग्ण हसायचे. आणि ह्याच माणसाने गाडी देण्याआधी पितळेची पाटी करून आणली. नाव, सप्रेम भेट, सगळं. स्टिअरिंगच्या शेजारी लाकडी पट्टीवर बसवली आणि स्क्रूची डोकी कानशीने घासून सपाट केली, म्हणजे पुढेमागे कुणाला ती काढताच येऊ नये. लोका सांगे ब्रह्मज्ञान. मी म्हटलं, "पंखेवाल्यांत तुम्हीही का?" तर म्हणाले, "पंखा आणि ही एक झाली का?"

रविवार सुरू झाले. रविवारी संस्थेला सुट्टी. ती व्यायामाची मुलगी खास आमच्यासाठी येऊन कुलूप काढायची, चहा करायची. आमच्या जुन्या पलंगपोसांचं आच्छादन बाजूला करून हे गाडी पुसायचे, नळी कानाला लावून ऐकायचे, इंजिन थोडं चालवायचे. शेडच्या मधोमध गाडी. दांडे दिसत नव्हते. यांनी एकदा विचारलं, "दांडे कुठे गेले गं?" ती म्हणाली, "रंगवायला नेलेत काका." जिना? "तोही रंगवायला." आम्ही चहा प्यायलो आणि आलो.

एक बुधवार आला. संस्थेने यांना दिलेला वॉकर घरात धूळ खात होता, कुणाच्या तरी कामी येईल म्हणून मी एकटीच तो परत द्यायला गेले. कामाच्या दिवशी मी तिथे बऱ्याच महिन्यांनी पाऊल टाकलं. अंगणात प्लॅस्टिकच्या कागदाखाली तो लाकडी जिना, पावसाने फुगून पायऱ्या उकललेल्या. आणि आत, बोळासारखा जो व्हरांडा आहे, जिथे एका बाजूला संडासाची दारं आहेत, तिथे भिंतीला एकच दांडा ठोकलेला. दोन मावतच नव्हते. माणसं एका हाताने दांडा धरत होती आणि दुसरा हात त्या मुलीच्या खांद्यावर. ज्यांचा दांड्याकडचाच हात गेलेला, त्यांनी उलटं तोंड करून, मागे मागे चालायचं. मधेच संडासाचं दार उघडलं की चालणाऱ्याने थांबायचं, दार लागेपर्यंत अर्ध्या पायावर तोल धरायचा. बाकीचे बाकावर दाटीवाटीने वाट बघत बसलेले. आणि पलीकडे ती हवेशीर शेड. तिच्यात माझ्या पलंगपोसांखाली एकटी गाडी झोपलेली.

वॉकर हातात घेऊन मी तशीच उभी. मुलीने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, काकांना सांगू नका ना."

"दांडे रंगवायला गेले होते ना गं?"

"दुसरा माळ्यावर आहे." ती खाली बघत होती. "सर म्हणाले, पुढेमागे दुसरी शेड घालू. एवढ्या मोठ्या मनाने दिलेली वस्तू, नको कसं म्हणायचं? आणि रविवारी काका नळी कानाला लावतात तेव्हा त्यांचा चेहरा... मला नाही सांगवलं."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. दोन्ही बाजूंची माणसं चांगली, आणि त्या चांगुलपणापायी लुळ्या पायांची माणसं संडासाच्या दाराशी उभी. मला त्या मुलीचा राग आला, मग सरांचा, मग यांचा. तिचे सगळे रविवार आम्ही चहा पिऊन खाल्ले होते, ते आठवून स्वतःचाही आला. बसमध्ये मी कुणाशी नजर मिळवली नाही, जशी काही सगळी बस मला ओळखत होती.

घरी हे अंगणात बसून जुन्या दातांच्या ब्रशने स्पार्क प्लग घासत होते. रविवारची तयारी. शीळ चाललेली. सांगायचं म्हणजे यांचा रविवार काढून घ्यायचा, आणि रविवारावर तर हा माणूस उभा होता, काठीवर नाही. न सांगायचं म्हणजे त्या बोळातली माणसं रोज तशीच अवघडणार. मी भाजी चिरली, परत चिरली, मीठ दोनदा घातलं. हे जेवताना म्हणाले, "आज समुद्र शिजवलास का?" मी ताकाचं भांडं पुढे सरकवलं. शेवटी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर संस्थेत चला."

"उद्या काय आहे?"

"उद्या कामाचा वार आहे. चला."

दुसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या दाराशी मी यांना पुढे केलं आणि स्वतः मागे थांबले. आतून एक बाई दांडा धरून आमच्याच दिशेने येत होत्या. शिवणकाम करणाऱ्या, नंतर ओळख झाली. उजवी बाजू गेलेली, डाव्या हाताने दांडा घट्ट धरलेला. मुलगी त्यांच्या मागे पट्टा धरून होती, तिने यांना पाहिलं आणि जागीच थांबली. बाईंना काय माहीत. त्या म्हणाल्या, "अहो आजोबा, मागे सरा. दोघांपुरती जागा नाही इथे."

हे मागे सरायला लागले. पुढे चालणं यांना त्याच शेडमध्ये शिकवलं होतं. मागे चालणं कुणी शिकवलं नव्हतं. काठी मागे टेकायची, मग बरा पाय, मग तो ओढका पाय. मी हात द्यायला गेले तर माझा हात झटकला. आणि त्या बाई पाऊल टाकता टाकता बोलतच होत्या, माणूस दमल्यावर बोलतं तसं. "तुम्ही नवीन दिसता. पूर्वी म्हणे ती तिकडची शेड होती चालायला. कुणा श्रीमंत माणसाने आपली जुनी गाडी आणून टाकलीय तिथे. घरात जागा नसेल. वर पाटी लावलीय स्वतःच्या नावाची. लाज कशी वाटत नाही लोकांना?"

"बाई, बोलू नका, पावलाकडे लक्ष द्या," मुलगी कशीबशी म्हणाली.

मला वाटलं होतं, आता फुटतील, की श्रीमंत कोणाला म्हणता, ह्या हातांनी केलीय गाडी. नाही बोलले. मागे मागे येत दारातून बाहेर पडले आणि अंगणातल्या बाकावर बसले. कान लाल झाले होते. काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून खाली बघत राहिले.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"कालपासून."

"आणि इथल्यांना?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग कुणी बोललं का नाही?"

"तुमच्याशी बोलायची सोय ठेवलीत का कधी?" मला तसं बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "नाकापेक्षा मोती जड झाला तरी लोक म्हणतात, छान दिसतो."

ते शेडकडे वळून बसले. मग म्हणाले, "मी दिलीच नाही गं. त्या चष्मेवाल्याला मिळू नये म्हणून इथे आणून ठेवली. वर शाबासकी घेतली. फुकटचं गॅरेज केलं ह्यांच्या शेडचं. ज्या दांड्यांनी मला उभं केलं, ते मीच शेडमधून काढायला लावले." त्यांनी काठी बाकाला टेकवली. "लाज वाटते गं मला. तोंड कुठे लपवू असं झालंय."

मी शेजारी बसले. नाही हो, तसं नाही, असं म्हणायला पाहिजे होतं, बायका म्हणतात तसं. पण तसंच होतं, मग काय म्हणू? त्यांच्या हातावर हात ठेवला. ह्या खेपेला त्यांनी झटकला नाही.

मग ते उठून सरांच्या खोलीत गेले. सर उभे राहिले, खुर्ची पुढे केली. हे बसले नाहीत. म्हणाले, "गाडी तुमची आहे. विका. घेणारा मी आणतो."

"पण काका, तुम्ही सगळ्यांसमोर शब्द दिला होता, विकायची नाही म्हणून..."

"शब्द मी दिला नव्हता, तुमच्याकडून घेतला होता. तो परत करतोय. आणि सर, माझ्यासारखा पुन्हा कुणी आला ना, तर तोंडावर नाही म्हणा. मी म्हणतोय म्हणून म्हणा."

सरांचे खांदे खाली आले. ओझं उतरलं की येतात तसे. ते यांनीही पाहिलं. त्या बाईंच्या शब्दांहून ते खांदे यांना जास्त लागले, असं मला वाटतं.

चष्मेवाल्यांना फोन यांनी स्वतः केला. मी करते म्हटलं, तर नको म्हणाले. ज्याने घाण केली त्यानेच पुसायची. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "मी बोलतोय. त्या दिवशी तुम्हाला घालून पाडून बोललो तो." मग पलीकडचं ऐकत राहिले. मग, "हो. हो. आभारी आहे." ह्या माणसाच्या तोंडून आभार हा शब्द मी गिऱ्हाइकाला उद्देशून कधी ऐकला नव्हता.

चष्मेवाले आले ते भर कामाच्या दिवशी, मागे गाडी वाहून नेणारा सपाट ट्रक घेऊन. बाकांवरची सगळी माणसं, ज्यांना येता येत होतं ती, अंगणात आली. यांनी आच्छादन काढलं. शेवटची नळी कानाला लावली, डोळे मिटले, एक स्क्रू इकडे, एक तिकडे. इंजिन असं लागलं की ज्यांना गाड्यांतलं काही कळत नाही त्यांनीही माना वर केल्या. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "सीट कुणी शिवल्यात?" त्यांनी विचारलं. "हिने," हे म्हणाले. एवढं एकच त्या दिवशी चांगलं झालं माझं.

मग चष्मेवाल्यांना पाटी दिसली. "ही काढावी लागेल," ते संकोचून म्हणाले. हे म्हणाले, "काढतोच." पण निघते कशाची? डोकी घासलेली. यांनी स्वतःच स्वतःविरुद्ध केलेलं काम इतकं पक्कं होतं. ड्रिल आणावं लागलं. डाव्या हाताला पूर्वीचा जोर नव्हता, उजव्याने एकट्याने धरावं लागलं, सगळ्यांसमोर. दुसऱ्या स्क्रूला ड्रिल घसरलं आणि त्या सुंदर लाकडावर लांब ओरखडा गेला. पाटी सुटून मांडीवर पडली. लाकडाला भोकं राहिली, मधे ओरखडा.

चष्मेवाल्यांच्या तोंडून नको नको म्हणताना उसासा गेलाच. मूळचं लाकूड होतं ते, त्याला जोड नाही. पूर्वीचे हे असते तर म्हणाले असते, भोकातून वारा येईल, बरं वाटेल. ह्यांनी काय केलं, गाडीतून कष्टाने बाहेर निघाले, काठी घेतली आणि म्हणाले, "माझ्या हौसेने केलेलं नुकसान आहे. संस्थेच्या पैशांतून नका वजा करू. मला एखादा दिवस बोलवा, मी भरून देईन."

"बोलवीन," चष्मेवाले म्हणाले. "आणि त्या दिवशीचं मी केव्हाच विसरलो."

"मी नाही विसरलो," हे म्हणाले.

गाडी ट्रकवर चढत होती तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. हे शेडमध्ये जमिनीकडे बघत होते. जिथे गाडी उभी होती तिथे तेलाचा काळा डाग पडला होता. त्यांनी मुलीकडे लाकडाचा भुसा मागितला, नसेल तर वाळू. वाळू मिळाली. ती डागावर पसरून, काठीला धरून हळूहळू खाली बसले आणि फडक्याने घासायला लागले. "इथे कुणी घसरलं तर?" एवढंच म्हणाले. ट्रक फाटकाबाहेर गेला, वळला, त्याचा आवाज गेला. यांनी मान वर केली नाही. मी पण शेजारी बसले आणि दुसऱ्या बाजूने घासायला लागले. पुरा गेला नाही तो डाग. अजून आहे.

पहिला रविवार कठीण गेला. सकाळी उठून शर्ट घातला, केस विंचरले, आणि दाराशी आल्यावर आठवलं. मग तसेच शर्ट घालून बसले. मी चहा दिला, काही विचारलं नाही. पाटी यांच्या पँटच्या खिशातच राहिली होती, धुताना माझ्या हाताला लागली. "हिचं काय करू?" म्हटलं, तर म्हणाले, "मशीनचा पाय डुगडुगतो ना तुझ्या, त्याखाली घाल." घातली. आता डुगडुगत नाही.

पुढे एक दांडा माळ्यावरून उतरला, दुसरा व्हरांड्याच्या भिंतीवरून निघाला, दोन्ही शेडमध्ये समोरासमोर पुन्हा बसले, आरसा लागला, नवा जिना आला. मुलगी म्हणाली, "काका, पाय परत कडक झालाय, या बघू रोज." खरंच झाला होता. रविवारच्या नादात व्यायाम सुटला होता. मग आम्ही इतरांसारखे कामाच्या दिवशी जायला लागलो, इतरांसारखे बाकावर नंबर लावून.

असेच एकदा बसलो होतो. दांड्यांमधून त्या शिवणकामवाल्या बाई येत होत्या. आता दोन्ही बाजूंना दांडे, उजवा हातही नुसता टेकवायला लागल्या होत्या. टोकाला येऊन थांबल्या, यांना पाहिलं, ओळखीचं हसल्या. तो गाडीवाला हाच, हे त्यांना अजून कळलं नव्हतं. गाडी गेली त्या दिवशी त्या आल्या नव्हत्या आणि नंतर कुणी सांगितलं नव्हतं. पुन्हा भीड, दुसरं काय.

"बघा आजोबा, किती मोकळं झालं," त्या म्हणाल्या. "गेली एकदाची ती गाडी. तो माणूस स्वतः घेऊन गेला म्हणे. मी म्हणतच होते, त्याला लाज कशी वाटत नाही."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी यांच्या मांडीला चिमटा काढला, गप्प बसा म्हणून. उगाच आता कशाला.

"चिमटे का काढतेस?" हे म्हणाले, पण हळू. मग काठीवर जोर देऊन उठले, त्या बाईंच्या समोर उभे राहिले, त्यांची वाट अडणार नाही इतक्या अंतरावर.

"वाटली हो बाई," ते म्हणाले. "उशिरा वाटली."